उलटी परवचा

सदू, आधी हिराबाईचं नाव घेते. मढची हिराबाई, बोंबील सुकवणारी, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेली. तुला शेवटचे बावीस दिवस पेज भरवली ती तिने. तुझं अंग पुसलं तिने. आणि तू गेलास त्या सकाळी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन होडीने वर्सोवा, तिथून बसने अंधेरी, आणि पुढे विचारत विचारत घाटकोपरच्या आपल्या डोंगरापर्यंत चढून आली तीही तीच. तिला वाचता येत नाही. हातात तुझ्या टेपच्या फितीचा पुठ्ठ्याचा डबा होता आणि त्यावर माझ्या अक्षरात आपल्या चाळीचा पत्ता. तो डबा ती स्टेशनावरच्या हमालाला दाखवत आली, वाण्याला दाखवत आली, शाळेतून येणाऱ्या पोरांना दाखवत आली. म्हणून आधी तिचं नाव. मग तुझं. मग जे झालं ते.

जे झालं ते दोन ओळींत संपतं. मी तुला घराबाहेर काढलं. तीन वर्षं परत बोलावलं नाही. आणि तू काविळीने गेलास.

आज सोळावा दिवस. बाकीच्यांचं रडून झालं आहे. तुझे दादा पुन्हा कांजूरच्या कारखान्यात पाळीवर जायला लागले. सासूबाईंनी तुझा फोटो हवा म्हणून ट्रंक उपसली, तर तुझा सुटा फोटो एकही नाही. आमच्या लग्नातल्या फोटोत कोपऱ्यात अर्धा कान आणि एक डोळा आहे, तो तुझा. मी सहावीतून शाळा सोडलेली बाई. देवगडकडच्या गावातून इथे आले ती सतराव्या वर्षी, आणि इथे माझं म्हणावं असं माणूस कोण, तर तू. आता तुझ्याबद्दल रडायचं तर कुणापुढे? म्हणून हे लिहिते. लिहायला लावलंस तूच, तेव्हा चुका काढू नकोस.

मी घरात आले तेव्हा तू पंधरा वर्षांचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, धाकटा असला तरी दीर आहे, त्याला भावजी म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवशी तू नळावर माझी कळशी भरून आणलीस आणि म्हणालास, वहिनी, तुम्ही म्हटलंस की मला मागे कुणीतरी म्हातारा उभा आहे असं वाटतं. तेव्हापासून सासूबाई घरात असल्या की तुम्ही, आणि नसल्या की तू. या शहरातलं सगळं तू शिकवलंस मला. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून कसं निघून जायचं, बसच्या पाटीवरचा नंबर लांबून कसा ओळखायचा, भाजीवाल्याशी हिंदीत कसं भांडायचं. मला कशाचीही धास्ती वाटायची. दार आतून लावलं का हे मी तीन-तीनदा बघायची. तू म्हणायचास, आमची वहिनी घाबरण्यात पहिल्या नंबराने पास.

मग तुला स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं, आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकेक वस्तू यायला लागली. आधी मोडक्या रेडिओची पेटी, तिच्यातून तू कर्णा बनवलास. मग ती गिटार. तिला जागा नाही म्हणून तांदळाच्या डब्यावर खिळ्याला टांगली, आणि सासूबाई तिच्या मानेला लसणाच्या माळा अडकवायच्या. मग कुणा पारशाने भंगारात काढलेलं ते टेपचं मशीन, दोन चाकांचं, जे उचलून आणताना तुझी पाठ धरली. तू त्याला वीज दिव्याच्या होल्डरमधून द्यायचास, आणि दर रविवारी अख्ख्या मजल्याचा फ्यूज जायचा. शेजारचे पाटकर गॅलरीतून शांतपणे विचारायचे, "सदोबा, तुमचं गाणं झालं असेल तर आमचा पंखा चालू करता का?"

गाणं. मी त्याला गाणं कधी म्हटलं नाही. तू म्हणायचास, याला रॉक म्हणतात. मग लगेच म्हणायचास, पण पोरं ज्यावर नाचतात तो नव्हे, त्याच्याही पुढचा. तुझ्या एका दोस्ताचा चुलतभाऊ बोटीवर होता, तो तबकड्या आणायचा. तू आणि दोन दोस्त, तुम्ही तिघं मढच्या त्या बंगल्यात जमायचात, जो शूटिंगला भाड्याने जातो आणि एरवी बंद असतो. तिथे तुम्ही काय करता ते तू मला घरी वाजवून दाखवायचास. गिटारच्या तारेवर माझी स्टीलची वाटी फिरवायची. फीत हाताने अडवून हळू चालवायची. एकच खोकला शंभर वेळा. मी विचारलं, याला चाल कुठे आहे? तर म्हणालास, चाल शोधायचा प्रयोग चालू आहे. मी म्हटलं, प्रयोग शाळेत करतात, जेवणाच्या वेळेला नाही.

आणि तू मला लिहायला बसवलंस. तुझ्या फितींच्या डब्यांवर काय आहे ते लिहायला तुला कंटाळा, म्हणून मी. सहावीनंतर पेन्सिल हातात धरली नव्हती. 'नळ', 'पाटा', 'पाटकरांचं खोकणं', 'दळणाची चक्की', असं लिहायची. वेलांटी चुकली की तू पुढचा डबा सरकवायचास, बोलायचा नाहीस काही. आणि प्रत्येक डब्याच्या तळाशी पूर्ण पत्ता लिहून घ्यायचास, खोली नंबरासकट. मी म्हणायची, हे भंगार हरवलं तर परत कोण आणून देणार आहे? तू म्हणायचास, कुणीतरी देईल ना, पत्ता असला तर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझी चटणी वाटतानाची फीत तू एकदा अगदी हळू चालवलीस. पाट्यावर वरवंटा जातो-येतो, जातो-येतो, आणि खालून तुझी गिटार नुसती घोंगावते आहे. मी भाकरी थापत होते. आणि मला एकदम आमच्या गावच्या घराची मागची भिंत आठवली. समुद्र दिसत नाही तिथून, पण भिंतीला कान लावला की असाच येतो-जातो. लहानपणी मी त्या भिंतीला चिकटून झोपायची. मी तुझ्याकडे पाठ केली आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला असं दाखवलं. आपल्याकडे स्टोव्ह होता, सदू. धूर कुठला? तुझ्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मी म्हणाले ते एवढंच की बंद कर, डोकं उठलं.

माझी कुंदा तुझ्या मांडीवरच वाढली. चार वर्षांची झाली तेव्हा ती तुझ्या त्या आवाजांची गिऱ्हाईक झाली होती. तू कामावरून आलास की चप्पल काढायच्या आधी विचारायची, काका, गडगड लाव ना. एका फितीबद्दल ती म्हणाली होती, यात डुक्कर जिन्यावरून पडतं आणि मग त्याला बरं वाटतं. तू ते दोस्तांना सांगितलंस आणि त्या वाजवण्याचं नावच तुम्ही ते ठेवलंत. मीही हसले होते. पण माझ्या आत कुठेतरी कुरतडत होतं. गॅलरीत बायका बोलायच्या की असलं ऐकून परदेशात पोरं घरं सोडतात, गांजा ओढतात. माझी पोर इतरांसारखी बडबडगीतं म्हणत नव्हती, ती तोंडाने फ्यूज गेल्याचा आवाज काढायची.

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो कधी संपला नाही. मी म्हणायची, लहान मुलाच्या पोटात जातं ते मऊ असावं आणि कानात जातं तेही मऊ असावं. भाकरी दात आल्यावर. तू म्हणायचास, कानाला दात येत नाहीत वहिनी, मग कधीपर्यंत थांबायचं? तू म्हणायचास, गाणं कसं असतं हे तुला ठाऊक आहे म्हणून तुला हे वाकडं वाटतं, तिला कुठे ठाऊक आहे? तिला नळ पण नवीन आणि हे पण नवीन. मी म्हणायची, नळ तिच्या छातीत धडधडत नाही. कर्ण्यासमोर तिला बसवलंस की तिचा परकर हलतो आवाजाने, ते तुला दिसत नाही का? तू म्हणायचास, पण ती हसते ना. मी म्हणायची, पोरं घाबरली तरी हसतात. यावर तू गप्प झालास एकदा. मला वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, तेव्हा तुला पुढे बोलू द्यायला हवं होतं.

आपल्या घरी दिवेलागणीला परवचा असते. देवापुढे दिवा लावला की कुंदा हात जोडून बसायची आणि सासूबाई सांगतील तसे श्लोक, मग पाढे, असं म्हणायची. गावची रीत आहे, इथे दहा बाय बारातही सोडली नाही. एका संध्याकाळी तू मशीन चालू करून तिची परवचा टिपलीस. सासूबाईंना कौतुकच वाटलं. पुढच्या रविवारी तू काय खटपट केलीस, ती फीत उलटी चालवलीस. शेवटापासून सुरुवातीकडे. खाली गिटार गुरगुरते आहे आणि वर माझ्या पोरीचा आवाज, पण शब्द असे की जणू कुणी ते गिळतं आहे. कुंदा टाळ्या पिटत होती. ते तिला इतकं आवडलं की आठवडाभर ती ते घोकत राहिली. पोरांची जीभ कशीही वळते.

आणि शनिवारी, दिवा लागल्यावर, सासूबाई म्हणाल्या म्हण. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सगळं उलटं म्हटलं. न चुकता. तुझ्या फितीसारखंच गिळत गिळत.

सासूबाईंच्या हातातली तेलाची वाटी पडली. तुला काय वाटायचं ते वाटो, आमच्याकडे देवाचं उलटं कोण म्हणतं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याला कुणाचं वाईट करायचं आहे तो म्हणतो. सासूबाईंचे ओठ पांढरे पडले. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यां काय बोलतां गो चेडवां?" आणि मी कुंदाच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला कळलंच नाही. ती म्हणाली, पण काका असंच म्हणतो.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

दोन दिवसांपासून तिचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं. ते मला दिसत होतं, सदू. मी ते धुळीवर ढकललं होतं, कारण माझं सगळं लक्ष तुझ्या फितींवर होतं. रविवारी दुपारी तिला झटके आले. डोळे वर गेले, दातखीळ बसली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाल्या, हेच्यार कोणीतरी काय तरी केल्यान. तुझे दादा डॉक्टरला आणायला धावले. आणि तू आलास. तुझ्या हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता, तिच्यासाठी. मी दारातच उभी राहिले.

"भावजी, तुम्ही आत येऊ नका," मी म्हणाले.

सासूबाई मागे बसल्या होत्या म्हणून मी तुम्ही म्हटलं असं तुला वाटायला हवं होतं. पण तुझ्या चेहऱ्यावरून कळलं की तुला तसं वाटलं नाही. मलाही तसं म्हणायचं नव्हतं.

"वहिनी, ताप आवाजाने येत नाही गं."

"मग कशाने आला?"

तू पुड्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "मला ठाऊक नाही."

एवढं खरं बोलायची काय गरज होती तुला? गोवर असेल, मलेरिया असेल, काहीही ठोकून द्यायचंस. पण तुला ठाऊक नव्हतं, तर तू तसं म्हणालास, आणि त्या तीन शब्दांना धरून मी तुला बाहेर काढलं. परवचेची फीत मी स्टोव्हवर धरली. ती जळताना केसांसारखी आक्रसली आणि घरभर घाण वास सुटला. मी म्हणाले, माझ्या पोरीला काही झालं तर तुमचं तोंड बघणार नाही, आणि नाही झालं तरी नाही. तू बिस्किटांचा पुडा उंबऱ्यावर ठेवलास. मशीन आणि डबे गाठोड्यात बांधलेस. गिटार काढताना तिच्या मानेच्या लसणाच्या माळा सोडवून नीट खिळ्याला परत अडकवल्यास. ते मी बघत होते. त्या माळा तू फेकल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी कुंदाच्या कानामागे पुरळ दिसलं. दुपारपर्यंत सगळ्या अंगावर. गोवर. नुसता गोवर, जो त्या महिन्यात चाळीतल्या सात पोरांना झाला. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला आणि हात जोडले. पुरळ म्हणजे देवीच्या बाया, त्या अंगावर आल्या म्हणजे आता भीती नाही. आमच्याकडे गोवर आला की घरात फोडणी देत नाहीत आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. नऊ दिवस घर गप्प होतं. आणि त्या गप्प घरात आम्हा तिघांनाही कळलेलं होतं की तुझा काही दोष नव्हता, आणि तिघांपैकी एकही बोललं नाही. नऊ दिवसांनी बोलायला परवानगी होती. तेव्हाही नाही. तुझे दादा म्हणाले, राहील मढला दोस्तांकडे, डोकं शांत झालं की येईल. सासूबाई म्हणाल्या, गणपतीला येईल. मी काय म्हणाले? मी तांदूळ निवडत होते.

तू गणपतीला आलास. घरात नाही, जिन्याखाली. पाटकरांच्या मुलीने सांगितलं, तुमचा दीर खाली आहे. मी उतरले. तू वाळला होतास. म्हणालास, त्या बंगल्याची राखण करतो आता, समोर समुद्र आहे, वीज फुकट आहे. मी म्हणायला हवं होतं की वर चल. शब्द तोंडात होते, ओठांपर्यंत आले होते. पण वरून सासूबाईंनी हाक मारली आणि माझ्या तोंडून निघालं, आई घरात आहेत. तू मान हलवलीस, जणू तू तेच विचारायला आला होतास. मग म्हणालास, "कुंदा गाते का अजून?"

"गाते," मी म्हणाले.

ती गात नव्हती, सदू. हे तुला सांगायचं राहिलं, आणि तेच सगळ्यात वाईट राहिलं. गोवरातून उठल्यापासून ती परवचेला बसते, हात जोडते, ओठ हलवते, आणि आवाज काढत नाही. शाळेत घातली तर बाईंनी मला बोलावून विचारलं, मुलगी मुकी आहे का? घरी बोलते, भांडते, पण कुणी म्हण म्हटलं की संपलं. तोंडाने फ्यूजचा आवाज काढायची ती पोर कुठे गेली मला ठाऊक नाही. मी स्वतःला समजावत होते की तापाने तसं झालं असेल. तुझ्या आवाजानेच तिच्यात काही बिघडवलं असेल, असंही कितीदा म्हणून पाहिलं. ते खरं निघालं असतं तर मला रात्री झोप लागली असती.

तू गेलास त्या सकाळी हिराबाई दारात बसून पाणी प्यायली आणि तिने सांगितलं. तुझे दादा तसेच मढला गेले. मी भिंतीला टेकून बसले होते. कुंदा, आता सात वर्षांची, माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, मी नाही गं म्हटलं. मनात पण नाही म्हटलं."

मला आधी कळेना ती काय म्हणते. मग कळलं. तीन वर्षं तिने तोंड मिटून धरलं होतं ते तुझ्यासाठी. आपण उलटं म्हटलं म्हणून काकाला घालवलं, आता पुन्हा चुकून उलटं निघालं तर काकाचं आणखी काही होईल. म्हणून सुलटंही नको. आणि एवढं सांभाळूनही तू गेलास. ती मला विचारत होती की तिचं कुठे चुकलं.

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. जवळ घेतलं, एवढं आठवतं. तिचं अंग लाकडासारखं होतं.

तेराव्यानंतर मी मढला गेले, तुझ्या वस्तू आणायला. हिराबाईने मला बंगल्याशेजारच्या तिच्या अंगणात बसवलं. बांबूंच्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील, खाली तिची तीन नातवंडं, सगळ्यात लहान अडीच वर्षांचं. मी तिला विचारलं, तुम्हाला त्रास झाला असेल ना त्याच्या आवाजाचा? ती म्हणाली, "मना काय तो कलत नव्हता. पोरांना कलायचा." आणि मग तिने मला ते बटण दाखवलं. पलंगाशी लोंबतं ना तसलं, पेरूच्या आकाराचं काळं बटण, आणि त्याला लांबच लांब वायर. संध्याकाळी बंगल्याच्या ओट्यावर तू वाजवायला बसायचास, कर्णा दूर भिंतीशी तोंड करून, आणि बटण पोरांच्या हातात द्यायचास. हिराबाई सांगत होती, ज्याला भ्या वाटेल त्याने दाबायचं, सगलं बंद. मग तू विचारायचास, लावू परत? नाही म्हणाली तर नाही लावायचास, गिटार ठेवून त्यांच्याबरोबर शिंपले वेचायला जायचास. कधी कधी पोरं खोड्या काढायची, उगाच टकटक दाबत बसायची, तेव्हा तू लटकं रागवायचास. सगळ्यात लहान पोराच्या हातात बटण असलं की तू वाजवताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचास.

"मी त्याला इचारला, असा का?" हिराबाई म्हणाली. "तर बोलला, माझी वयनी बोलली होती, पोरं भ्यायली तरी हसतात."

सदू, तू माझं ऐकलं होतंस. तो वाद मी जिंकले असं समजून मी सोडून दिला, आणि तू तो बरोबर घेऊन गेलास आणि समुद्राकाठी बसून त्याचं उत्तर शोधलंस. मला येऊन सांगितलं नाहीस. कसं सांगणार, मी दार अर्धंच उघडलं होतं. आणि मीही तुला सांगितलं नाही की माझा पाटा-वरवंटा तू हळू चालवलास तेव्हा मी घरी जाऊन आले होते. तू माझ्या बाजूला आलास, मी तुझ्या बाजूला आले, आणि मध्ये ती वर्सोव्याची होडी होती, जिला पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात.

लहान मुलांनी तुझं ते ऐकावं की नाही, मला अजून ठाऊक नाही. हिराबाईची नातवंडं धडधाकट आहेत, भांडतात, आणि मधला एक तोंडाने असा काही आवाज काढतो की मी दचकून वर बघितलं. तुझ्याइतकंच खरं सांगते, मला ठाऊक नाही. माझ्या पोरीच्या छातीत जे बसलं ते तुझ्या कर्ण्यातून गेलेलं नव्हतं, एवढं मात्र ठाऊक आहे. ते माझ्या हातातून गेलं.

हिराबाईने आजाराचं कळवलं का नाही, हेही मी विचारलं. ती म्हणाली, तूच नको म्हणालास. म्हणालास, वयनी घाबरते.

ते बटण मी घरी आणलं. हिराबाईची पोरं द्यायला तयार नव्हती, तिने त्यांना समजावलं. कुंदाच्या हातात दिलं. ती टकटक करत बसली. विचारलं तिने, हे कशाचं आहे? मी सांगितलं, काकाच्या गाण्याचं. भीती वाटली की दाबायचं, सगळं थांबतं. तिने ते खूप वेळ हातात धरलं आणि म्हणाली, "मग तेव्हा का नव्हतं?"

ती अजून गात नाही. गाईल असं मी तुला खोटं लिहिणार नाही, एकदा खोटं सांगून झालं आहे. ते बटण आता तिच्या उशाखाली असतं आणि दिवा लावला की मी तिला म्हण म्हणत नाही. मी एकटी म्हणते, बेसूर, सहावीपर्यंतचं जेवढं येतं तेवढं. ती बघते.

तुझं काही फेडता येणार नाही. ते दार मीच लावलं आणि तीन-तीनदा बघितलं होतं. पण हिराबाई आहे. तिचा मोतीबिंदू पिकत आला आहे. डॉक्टर म्हणाले कापावा लागेल, आणि ती इस्पितळाला भिते, डोळे बांधून अंधारात इतके दिवस पडायचं म्हणून. तिचे मुलगे होडीवर, सुना बाजारात. तिचं मन होईल तेव्हा होवो, उद्या नाही तर दोन वर्षांनी. त्या दिवशी मी मढला जाईन, तिला इस्पितळात नेईन आणि पट्टी सुटेपर्यंत तिच्या उशाशी बसेन. पेज भरवीन. आणि बाहेर काय वाजतं आहे ते एकेक सांगत राहीन, ही ट्रॉलीची चाकं, हा नळ, हे कुणाचं तरी खोकणं, हा पाऊल ओढत चालणारा वॉर्डबॉय. आवाज ओळखायला मला तू शिकवलंस, डब्यांवर लिहून घेत घेत. तिचा हात माझ्या हातात असेल. नको झालं की दाब म्हणून सांगीन तिला, आणि तिने दाबला की मी गप्प होईन.